एमसीबी, आरसीसीबी की आरसीबीओ? घरासाठी आणि गाळ्यासाठी काय घ्यावं

नाशिकमध्ये सिडकोतल्या घरावर मजला चढवताना, पंचवटीतल्या जुन्या वाड्याची वायरिंग बदलताना किंवा अंबडला गाळा भाड्याने घेताना वायरमन हमखास विचारतो, "साहेब, साधे एमसीबी लावू की ईएलसीबी पण टाकायचा? त्याचे पैसे वेगळे पडतील." बहुतेकांचा निर्णय त्या शेवटच्या वाक्यावरच होतो. बाथरूमच्या टाइल्स निवडायला आख्खं घर दुकानात जातं. डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, काय बसतंय ते बघायला कुणी येत नाही.

वायरमन ज्याला ईएलसीबी म्हणतो तो आज प्रत्यक्षात आरसीसीबीच असतो, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. दुकानातही त्याच नावाने मागितलं तरी चालतं.

आता मुद्द्याचं. एमसीबी, म्हणजे आपोआप पडून सप्लाय बंद करणारा छोटा स्विच, माणसाला वाचवण्यासाठी नसतो. तो वायरीला वाचवतो. जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो, वायर तापून जळत नाही. हे काम तो चोख करतो आणि जुन्या किटकॅट फ्यूजपेक्षा, म्हणजे तार गुंडाळायच्या चिनी मातीच्या फ्यूजपेक्षा, कितीतरी चांगला. किटकॅटमध्ये तार उडाली की घाईत कुणीतरी हाताला येईल ती जाड तार गुंडाळतो, आणि मग तो फ्यूज नावापुरता उरतो. किटकॅट अजून असेल तर तो आधी काढा, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही.

आरसीसीबी वेगळंच काम करतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो सतत बघतो. कमी आला तर कुठेतरी गळतोय : भिंतीत, गिझरच्या बॉडीत किंवा कुणाच्या तरी अंगातून. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडायचा असतो, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. झटका जाणवतोच, पण माणूस चिकटून राहत नाही.

गिझरचं उदाहरण घेऊ, कारण नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ते घरोघर चालू असतं. २ किलोवॅटचा गिझर, त्याला १६ अँपिअरचा एमसीबी. आत फेज बॉडीला चिकटला. आपल्याकडे बऱ्याच भागांत थोड्या मातीखाली मुरूम आणि काळा दगड लागतो. अर्थिंगचा खड्डा नीट केला नसेल आणि एप्रिल-मेमध्ये त्यात कुणी पाणी ओतत नसेल, तर अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम सहज असू शकतो. २३० व्होल्टला २० ने भागा : साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी याला हूं की चूं करत नाही. गिझरची बॉडी, शॉवरचा पाइप, सगळ्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज, आणि डीबीत सगळं आलबेल. अर्थिंग १० ओहमचं असलं तरी २३ अँपिअरच वाहतो. एवढ्यावर एमसीबी पडायला तासाभराच्या आसपासही लागू शकतो. ओल्या अंगातून तर यापेक्षा कितीतरी कमी जातो, पाव अँपिअरच्या आत, पण जिवावर बेतायला तो पुरतो. आरसीसीबीला मात्र इथे ०.०३ अँपिअर पुरे.

म्हणून "आमचं अर्थिंग एकदम पक्कं आहे, आरसीसीबी कशाला" हे मला पटत नाही. उलटंही तेवढंच खरं : आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग टाळायचं नाही. अर्थिंग असेल तर बॉडीत करंट उतरताक्षणी आरसीसीबी पडतो, कुणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर तो पडण्यासाठी आधी कुणाला तरी झटका बसावा लागतो.

आरसीसीबीची उणी बाजूही बघा. ओव्हरलोडचं त्याला काही कळत नाही, त्यामुळे एमसीबी काढून त्या जागी आरसीसीबी हा सौदा चुकीचा. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं तर करंट जेवढा गेला तेवढा परत येतो. आरसीसीबी गप्प बसतो. आणि सगळ्या घराला एकच लावला तर पावसाळ्यात गच्चीवरच्या एका ओल्या पॉइंटमुळे रात्री आख्खं घर अंधारात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो, हेही लक्षात ठेवा. संगणक, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांची थोडी थोडी गळती मिळून निम्मी मर्यादा आधीच खाऊन बसते.

इथे आरसीबीओ कामाला येतो. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकाच डबीत, एका सर्किटपुरता. गिझरचा वेगळा, मोटारीचा वेगळा. दोष जिथे, अंधार तिथेच. महाग पडतो, प्रत्येक सर्किटला लावायचा म्हटलं तर बिल चांगलंच फुगतं, आणि जुन्या छोट्या डीबीत जागा पुरत नाही.

माझं मत असं. राहत्या फ्लॅटमध्ये तोडफोड करायची नसेल तर मेनला एक डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीसीबी आजच टाका, एमसीबी आहेत तसे राहू द्या. एका आरसीसीबीच्या पैशात बरेच सिंगल पोल एमसीबी येतात, तरीही. नव्याने वायरिंग होत असेल तर डीबी मोठा घ्या आणि निदान गिझर, पाण्याची मोटार आणि बाहेरचे पॉइंट आरसीबीओवर टाका. हीटर रॉड बादलीत सोडणारं घर असेल तर त्या प्लगचं सर्किटही.

जुन्या घरात एक गंमत हमखास होते. आरसीसीबी बसवला की तो टिकतच नाही. एक दिवा लावला की खटकन पडतो. वायरमन म्हणतो, "पीस खराब आहे," आणि बायपास करून देतो. बहुतेक वेळा पीस चांगला असतो. खालच्या मजल्याच्या सर्किटचा न्यूट्रल वरच्या मजल्याने उसना घेतलेला असतो, किंवा इन्व्हर्टर बसवणाऱ्याने दोन न्यूट्रल एकत्र पिळून टाकलेले असतात. फेज आरसीसीबीतून जातो, न्यूट्रल बाहेरून परततो, मग हिशेब जुळणार कसा? अशा घरात आरसीबीओ लावूनही सुटका नाही. न्यूट्रल वेगळे करण्याची मजुरी द्यावीच लागते, आणि सगळ्या खर्चात तीच सर्वांत सत्कारणी लागते.

सातपूर-अंबडच्या गाळ्याचं गणित थोडं निराळं. थ्री फेज असेल तर फोर पोल आरसीसीबी लागतो, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल तोडणारा. पण मशीनला ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असतील तर मेनवरचा ३० चा आरसीसीबी सारखा पडत राहील आणि आठवड्यात सुपरवायझरच तो बायपास करायला सांगेल. त्यापेक्षा मेनला १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा ठेवा. तो गळतीने लागणारी आग रोखण्यासाठी. माणसासाठी त्यावर भरवसा नको. हँड ग्राइंडर, ड्रिल, एक्स्टेन्शन बोर्ड जिथे लागतात त्या सॉकेटना मात्र ३० चा आरसीबीओ हवाच. गाळ्यात झटका बसतो तो बहुधा इथेच : कूलंट सांडलेल्या फरशीवरून गेलेली केबल, तिच्यावरून फिरलेली ट्रॉली आणि चिरलेल्या जागी दोन वेढे इन्सुलेशन टेप. आणि यातलं काहीही लावलं तरी चालू लाइनवर काम करायची सूट मिळत नाही. मेन बंद, फ्यूज खिशात किंवा स्विचला कुलूप, मग टेस्टर, आणि तो टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघितलेला.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर बदला. पडला तर आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं. अर्थिंग ठीक आहे की नाही ते या बटणावरून समजत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

दुकानात फ्लॅटसाठी मागायचा तो असा : डबल पोल, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, आयएसआय मार्कचा. अँपिअरचा आकडा मेनच्या एमसीबीपेक्षा कमी नको. इन्व्हर्टर एसी किंवा नवीन वॉशिंग मशीन असेल तर 'टाइप ए' मागा, साधा 'टाइप एसी' घेऊ नका. या नावातल्या एसीचा घरातल्या एसीशी काही संबंध नाही. आणि डबीवरचा आकडा स्वतः वाचा. काहींवर ३० ऐवजी ०.०३ अँपिअर छापलेलं असतं, ३०० वाल्यावर ०.३. दिसायला दोन्ही सारखेच, आणि गर्दीच्या वेळी काउंटरवरचा पोरगा हाताला लागेल तो देतो.