पहिलं एअर पिस्तूल घेताना: नागपूरच्या नवशिक्या नेमबाजांसाठी

पिस्तूल शूटिंग सुरू करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कोणत्या कंपनीचं घेऊ? कंपनीचा नंबर शेवटी लागतो. आधी हाताला बसणारी ग्रिप, मग ट्रिगर, मग हवा भरायची सोय, आणि त्यानंतर नाव.

सुरुवातीलाच .22 किंवा .32 च्या, काडतुसावर चालणाऱ्या पिस्तुलाचा विचार नको. त्याला शस्त्र परवाना लागतो. शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. .177 बोअरच्या (म्हणजे 4.5 मिमी नळीच्या) आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. 10 मीटरच्या स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सोडतं, म्हणजे ऊर्जा सहा ज्यूलसुद्धा भरत नाही. तरी बिल कायम पेटीतच असू द्या.

स्प्रिंगचं, नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायचं स्वस्त पिस्तूल मात्र घेऊ नका. पिस्टनचा धक्का छर्रा नळीत असतानाच बसतो, त्यामुळे चूक तुमची की पिस्तुलाची, हे कळतच नाही. बजेट अगदीच कमी असेल तर जुनं बायकल इझ-46एम चालेल. एकदा दांडा ओढून दाबला की हवा भरते, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची कटकट नाही, अचूकता छान. पण वजन 1.3 किलो आणि पुढून जड. 60 शॉट्सपर्यंत हात भरून येतो. शाळकरी मुलांसाठी हॅमर्ली एपी 20 हलकं पडतं. खर्चाची तयारी असेल तर स्टायर इव्हो 10 किंवा फाइनवेर्कबाउ पी8एक्स, दोन्ही मेकॅनिकल ट्रिगरची. मोरिनी कंपनीच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अप्रतिम आहे, पण पहिल्या पिस्तुलात आम्ही तो सुचवणार नाही. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. तिच्यासोबत अख्खा संघ होता, नवशिक्यासोबत कोणी नसतं.

आता ग्रिप, कारण खरी मेख इथेच आहे. नेम धरायच्या दोन साइट्समधलं (पुढची पट्टी म्हणजे फोरसाइट आणि मागची खाच) अंतर साधारण 330 मिमी धरा. फोरसाइट खाचेत फक्त 1 मिमी सरकली की 10 मीटरवर छर्रा 30 मिमी सरकतो. दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं, म्हणजे शॉट थेट सातात. म्हणून दुकानात हे करून बघा: पिस्तूल नीट धरा, डोळे मिटा, हात खांद्याच्या रेषेत उचला, मनगट घट्ट करा आणि डोळे उघडा. फोरसाइट खाचेच्या मधोमध, वरच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. चार-पाच वेळा करूनही फोरसाइट एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर ग्रिपचा कोन किंवा साइज चुकलाय. तळहाताखालची फळी हाताला नुसती टेकावी, आवळू नये. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर टेकावं आणि बाकीचं बोट लाकडाला लागू नये; लागलं की उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट्स डावीकडे पळतात. जाड ग्रिप कानस मारून कमी करता येते, बारीक ग्रिपला वुड पुटी लावता येते. त्यामुळे साइजबद्दल शंका असेल तर मोठी घ्या. मनगटाला मात्र कुठलाही आधार मिळता कामा नये, स्पर्धेच्या तपासणीतच पिस्तूल बाद होईल.

ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा नियम आहे. काठावर ठेवू नका, 520 च्या आसपास ठेवा आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर (ट्रिगर अडेपर्यंतच्या दाबावर) टाका. ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबून सराव करायची सोय असलेलंच घ्या. घरचा अर्धा सराव त्यावरच होतो.

हवा कुठे भरणार, हे पैसे मोजण्याआधी ठरवा. हातपंपाने भरता येते, पण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पंपाला ड्रायर फिल्टर नसेल तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं आणि आतून गंज धरतो. हळू भरा, घाईत भरली की हवा तापते, काटा 200 बार दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. जोडणीच्या आट्यांना साधं तेल कधीच लावू नका, दाबाखाली ते पेटू शकतं. आणि मे महिन्यात पेटी गाडीत विसरू नका: 25 अंशांवर 200 बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत 60 अंशांना तापला तर दाब 220 च्या वर जातो.

छर्रे चपट्या डोक्याचेच. 4.49, 4.50 आणि 4.51 मिमीचा एकेक डबा आणा, पिस्तूल टेकवून पाच-पाच छर्रे मारा, ज्याची भोकं सर्वात जवळजवळ येतील तो ठेवा.

वापरलेलं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवरची निर्मितीची तारीख आधी वाचा. बहुतेक युरोपियन सिलिंडरची मुदत 10 वर्षांची; ती उलटली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. मग पूर्ण भरून, थंड झाल्यावर काट्याचा फोटो काढा आणि पिस्तुलाला लावून रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेली असण्याची शक्यता आहे. ती बदलणं स्वस्त आहे, पण नागपुरात लगेच मिळेलच असं नाही, म्हणून ओ-रिंगचा एक जादा संच विकणाऱ्याकडूनच मागून घ्या.