हर्झबर्ग की व्रूम?

माणसाला कामाचा हुरूप कशानं येतो, हे सांगणारे हर्झबर्ग आणि व्रूम हे दोन मानसशास्त्रज्ञ. कारखान्यात यांतला कोण कामी येतो, हा प्रश्न. त्याच विषयातली मॅस्लोची गरजांची शिडी बाजूला ठेवतो. ती तुमची पाठ असणार, आणि समोरचा माणूस नेमका कोणत्या पायरीवर उभा आहे हे मला तरी कधी ओळखता आलेलं नाही.

हर्झबर्ग वापरायला सोपा. पगार, कॅन्टीन, साहेबाचा स्वभाव सुधारला की कुरकुर थांबते. हुरूप हवा असेल तर जबाबदारी द्या, कौतुक करा. पहिला अर्धा भाग भोसरीतल्या मशीन शॉपमध्ये मी तंतोतंत पाहिला. कॅन्टीनचा ठेकेदार बदलला, तक्रारवही महिनाभर कोरी, उत्पादन होतं तिथंच.

दुसऱ्या अर्ध्यात अडलो. चांगल्या ऑपरेटरांकडे त्यांनीच बनवलेल्या भागांची तपासणी सोपवली. मायक्रोमीटर त्यांच्या हातात, रजिस्टरवर सही त्यांची. परमनंट मंडळी खुलली. कंत्राटी पोरांतला सगळ्यांत हुशार मात्र आठवड्यात थंडावला. चिडलेला नव्हता, पगारावरही नाराज नव्हता. म्हणाला, "साहेब, सात महिन्यांनी ब्रेकच ना? सही केली काय अन् नाही केली काय." (सलग नोकरीचे २४० दिवस भरून कायद्याचं संरक्षण लागू होऊ नये म्हणून मध्येच कामावरून कमी करतात, तो हा ब्रेक; हे पोरांनाही पाठ असतं.)

या वाक्याला हर्झबर्गकडे जागा सापडेना. नोकरीची शाश्वती तो कॅन्टीनच्याच रांगेत बसवतो: नसली तर माणूस नाराज. हा तर नाराज नव्हताच! शिवाय हर्झबर्गच्या १९५९च्या अभ्यासातले दोनेकशे लोक पिट्सबर्गकडचे इंजिनिअर आणि अकाउंटंट. मशीनवरचा माणूस त्यात नाही.

व्रूम (१९६४) तीन गोष्टींचा गुणाकार करतो: मेहनत केली तर काम जमेल का, जमलं तर पदरात काही पडेल का, आणि जे पडेल ते हवंसं आहे का. पोराचा मधला आकडा शून्य होता. हर्झबर्गवरचा व्रूमचा आक्षेपही मला पटतो: लोकांना विचारलं की यशाचं श्रेय ते स्वतःकडे घेतात, अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतात.

व्रूमचेही लाड नकोत. मनातल्या आशेला आकडा कोण लावणार? आणि काम आवडतं म्हणून करणारा माणूस त्याच्या हिशेबात जरा कोरडा होतो. तुमच्याकडे सगळे कायम असतील तर हर्झबर्ग बहुधा पुरेल. निम्मे कंत्राटी असतील तर मी आधी व्रूम उघडेन.

त्या पोराला ब्रेकनंतर परत घेऊ, एवढं लेखी मिळतं का, हे विचारायला मी वर गेलो होतो. नाही मिळालं. मग सहीचा आग्रहही सोडला.