कोल्ड एअर इनटेकच्या नावाखाली गाडीचा ओरिजिनल एअर फिल्टरचा डबा गेला, पिकअपवाल्यांनी वाचा

कोकणात पिकअप चालवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांची गाडी चढाला मऊ पडलीय आणि ज्यांना कोणीतरी "कोल्ड एअर इनटेक (म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारा पाईप-फिल्टर) लाव, गाडी उडेल" असं सांगून ठेवलंय. जरा लांबेल पण वाचा, कारण यात पैसे पाइपापायी जात नाहीत, वेगळ्याच गोष्टीपायी जातात आणि ते कळायला वेळ लागतो.

माझी डिझेल पिकअप आहे, टर्बो इंटरकूलरवाली (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, इंटरकूलर म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी). सीझनला पावसकडून आंब्याच्या पेट्या वाशीला, बाकी वर्षभर चिरे, सिमेंट, मंडपाचं सामान, जे मिळेल ते (मच्छी नाही, मच्छीचा वास एकदा हौद्यात बसला की आंबेवाले गाडीला हात लावत नाहीत). गाडी परशुराम घाटात लोड घेऊन चढताना दम टाकायला लागली होती. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी ठरवलं की स्वस्तातला इनटेक घरीच बनवायचा, म्हणजे एक पाईप, एक कोनासारखा फिल्टर, रबरी होज, चार क्लिपा, झालं. ते सामान घ्यायला हायवेवरच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

दुकानदार बोलायला एकदम गोड. म्हणाला, "दादा, बाहेरचा किट घेतलात तर ३५ हजार जातील, तुम्ही कशाला हात काळे करताय, आपण घरगुतीच बनवू पण माल एक नंबर, साडेसात हजारात बसवून देतो." ॲल्युमिनियमचा पाईप, इम्पोर्टेड फिल्टर आणि वर एक चिप, जी सेन्सरच्या वायरला जोडायची आणि त्याने म्हणे पॉवर आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतं. पाईप चंदेरी, चकचकीत. त्याने खिशातून चुंबक काढून पाइपाला लावून दाखवलं, "बघा, चिकटतंय का? लोखंड असतं तर चिकटलं असतं, हे प्युअर ॲल्युमिनियम." आजूबाजूला उभे होते ते पण माना डोलवत होते.

मग ट्रायल. आधी माझी गाडी जशी होती तशी त्याने स्वतः चालवली, मी बाजूला. मग इनटेक बसवला आणि परत त्याच चढावर नेली, आणि खरं सांगतो, फरक जाणवला. आवाज तर असा की टर्बोची शिट्टी केबिनमधे ऐकू येते, वाटतं गाडी आता थांबतच नाही. पण त्या फरकामागे काय होतं ते नंतर कळलं. पहिल्या फेरीला त्याने तिसऱ्या गिअरात गाडी घुसमटवत चढवली होती, दुसऱ्या फेरीला दुसऱ्यात खेचली. आणि माझा जुना फिल्टर लाल धुळीने चोंदलेला होता, तो निघाल्यावर गाडी मोकळी होणारच होती. पाच-सहाशे रुपयांचा नवीन कागदी फिल्टर टाकला असता तरी तेवढाच फरक पडला असता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून तर चोंदलेल्या फिल्टरच्या गाड्याच तो शोधतो. बॉनेट उघडून आधी फिल्टर बघतो, मग भाव सांगतो.

आता मेन गोष्ट. काम झाल्यावर तो म्हणाला, "हा जुना डबा आता तुमच्या काय कामाचा, इथेच ठेवा, ५०० कमी करतो." म्हणजे कंपनीचा एअर क्लीनरचा अख्खा डबा, त्याचं झाकण, पुढून हवा घेणारी नळी, सगळं. ७ हजार यूपीआयने दिले. पैसे गेले ते नाव दुकानाचं नव्हतं, कोणा तिसऱ्याच माणसाचं होतं. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम लिहून दिली, जीएसटी नंबर नाही, काय बसवलं ते नाही.

थोडे दिवस बरं चाललं. मग उन्हं वाढली तशी गाडी परत मऊ, आधीपेक्षा जास्तच, आणि चढाला काळा धूर. आमच्या इथले गॅरेजवाले काका जुने माणूस, त्यांच्याकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि नुसतं हसले. पाईप टर्बोजवळ चेपून चपटा झाला होता. स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला तर खाली करडं पीव्हीसी. बाथरूमच्या लाईनला वापरतात तो ७५ एमएमचा पाईप, वर चंदेरी स्प्रे मारलेला! पीव्हीसी ८० डिग्रीच्या आसपास नरम पडतं, टर्बोच्या शेजारी तेवढी गरमी असतेच आणि आतून टर्बो हवा ओढत असतो, मग पाईप आत बसणार नाही तर काय. मी चुंबकाचं सांगितलं तर काका म्हणाले, "अरे मेल्या, चुंबक प्लास्टिकला तरी चिकटतं काय रे? गंडवलान तुला."

पाईप चेपल्यामुळे क्लिप ढिली झाली होती आणि फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या जोडातून हवा सरळ आत जात होती, फिल्टर न होता. काकांनी पाईप काढला, आतून पांढरं फडकं फिरवलं आणि ते लालभडक निघालं. आपल्याकडची जांभ्याची धूळ, त्यात चिरेखाणीच्या रस्त्यांवर गाडी जाते आणि हायवेच्या कामाची धूळ वेगळी. ही धूळ इंजिनात गेली की टर्बोच्या पंख्याच्या कडा घासते, मग सिलिंडर आणि रिंगा, मग ऑइल खायला लागते आणि शेवटी हाफ इंजिन खोलायची पाळी. माझ्या टर्बोच्या कडा नुसत्या थोड्या खरबरीत झाल्यात, लवकर सापडलं म्हणून. फिल्टर पण इम्पोर्टेड वगैरे काही नाही, परदेशी ब्रँडच्या नकली खोक्यात घातलेला, देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरतात त्यातला प्रकार. त्याचं तोंड पाइपाला बसत नव्हतं म्हणून खाली चिकटपट्टी गुंडाळलेली.

आणि ती चिप. काकांच्या पोराने मल्टीमीटर लावून चिपचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजला, एक आकडा दाखवला. मग चिप गरम चहाच्या ग्लासाला टेकवून धरली, आकडा हलला नाही. हवेचं तापमान मोजणारा खरा सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. हा नुसता रेझिस्टर होता, दोन-चार रुपयांचा, काळ्या नळीत बंद केलेला. त्याने होतं काय तर गाडीच्या कॉम्प्युटरला हवा कायम थंड असल्यासारखी वाटते, आणि तो त्या खोट्या आकड्यावर हिशोब करत बसतो.

थंड हवेचं गणित पण नीट समजून घ्या म्हणजे कोणी गुंडाळणार नाही. हवा थंड असली की दाट असते हे खरं आहे. ३० डिग्रीची हवा ६० डिग्रीला गेली की तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी मावते. पण कंपनीचा डबा बाहेरूनच हवा घेतो, नळी पुढे काढलेली असते ती त्यासाठीच! आणि या लोकांनी तो फिल्टर बॉनेटच्या आत रेडिएटरच्या मागे उघडा ठेवला, म्हणजे नाव कोल्ड एअर आणि ओढतोय इंजिनाची गरम हवा. शिवाय टर्बो डिझेलला लोडवर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १०० डिग्रीच्या वर जाते, ती इंटरकूलर थंड करतो, त्यामुळे टर्बोच्या आधी पाच-दहा डिग्री कमी करून फार काही पदरात पडत नाही. डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल मारलं जातं त्यावर ठरते, नुसती हवा वाढवून घोडे (हॉर्सपॉवर) वाढत नाहीत. काही जण फिल्टर खाली बंपरपाशी लावून देतात, तिथे हवा थंड मिळते पण आपल्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घातली की पाणी सरळ सिलिंडरमधे, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपलं.

तर मी डबा परत मागायला दुकानात गेलो. म्हणाला, तो गेला भंगारात. पण मागच्या शेडमधे कंपनीचे डबे एकावर एक रचलेले, मी डोळ्यांनी बघितले. मी बोट दाखवलं तर लगेच म्हणतो, "हां, तो हवा असेल तर सेकंड हॅन्ड ओरिजिनल आहे, ३ हजार पडतील." माझ्यासारख्यांचेच डबे ५०० ला कापून घेतो आणि तीन हजाराला विकतो, साधारण त्याच लोकांना ज्यांचा पाईप चेपलाय! पाईप-फिल्टर-चिप हे नुसतं आमिष. पैसे परत मागितले तर म्हणे, घरगुती वस्तूला वॉरंटी कसली, तुम्हीच तर घरगुती मागितलात.

मी तिथून डबा घेतला नाही. काकांनी कोल्हापूरहून दुसरा मागवून दिला, त्यात नवीन कागदी फिल्टर टाकला, डब्याच्या झाकणाचं रबर बदललं, होजच्या क्लिपा घट्ट केल्या आणि इंटरकूलरच्या जाळीत बसलेला चिखल हलक्या पाण्याने काढला. गाडी परशुराम घाट तिसऱ्यात चढते आता. कोणाला इनटेक स्वतः बनवायचाच असेल तर फिल्टर बंद डब्यातच ठेवा, हवा जुन्या नळीतूनच घ्या, पाईप खऱ्या ॲल्युमिनियमचा किंवा चांगल्या रबरी होजचा घ्या आणि थोडं चालवल्यावर फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या पाइपात आतून फडकं फिरवून बघा, लाल आलं तर त्याच दिवशी सगळं काढा. जुना डबा घरी माळ्यावर ठेवा, कोणी कितीही पैसे देऊ दे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूममधे विचारा.

तक्रारीचं असं आहे की ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंदवता येते, मी नोंदवली. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून २ वर्षांच्या आत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर कायद्याने ग्राहकच धरतात. मी यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, खरवडलेला पाईप आणि चिप जपून ठेवलंय. काकांकडून लिहून घेतलंय काय काय सापडलं ते, सही-शिक्क्यासकट. त्या दुकानात ज्यांनी डबा ठेवून पाईप बसवून घेतलाय त्यांनी निदान यूपीआयला कोणाचं नाव येतंय ते बघून ठेवा.