शाहू स्टेडियमवर केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीग बघितली, पाचपैकी साडेचार

कोल्हापुरात आलाय आणि अंबाबाई, तांबडा-पांढरा झाला की परत निघालाय तर थांबा जरा, सीझन असेल तर एक संध्याकाळ राजर्षी शाहू स्टेडियमला काढाच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस असे सगळे आपल्या पेठांचे संघ, बऱ्याच जणांच्या पूर्ण नावातच तालीम कारण मूळ कुस्तीचं, आणि तीच ईर्ष्या आता फुटबॉलमध्ये उतरलीय. अनिकेत जाधव, जो २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडून खेळला, तो पण कोल्हापूरचाच पोरगा.

खेळ म्हणाल तर लांब पास, अंगावर जाऊन टॅकल, पासिंगमध्ये घाई फार होते हे खरंय पण शेवटच्या दहा मिनिटांत बसून राहणं अवघड. माझ्या शेजारी एक आजोबा होते, हातात शेंगांची पुडी, कॉर्नर मिळाला की शेंग फोडायची थांबायची, बॉल क्लिअर झाला की परत सुरू, पूर्ण मॅच असंच, आणि गोल झाला तेव्हा ती पुडी माझ्या मांडीवर सांडली तरी त्यांचं लक्षच नाही.

अर्धा मार्क कापला तो हुल्लडबाजीचा. गेल्या वेळी मैदानात बाटल्या आल्या, खेळ थांबला, लहान पोरांना घेऊन आलेली माणसं उठून गेली, लई वाईट वाटलं. भावांनो, ईर्ष्या करा, जीव तोडून ओरडा, पण बाटली नको. पोराला घेऊन जाणार असाल तर गेटजवळची जागा धरा.