नवी लेन्स कोठून घ्यावी: काउंटर, कुरिअर की ‘ग्रे’चा माल?

हिवाळ्यात उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरू लागले, की भिगवणला जाणारे पुण्यातील अनेक जण टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ दाखवणाऱ्या, लेन्सच्या चौकशीला लागतात आणि त्या चौकशीत पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. लेन्सवरचा सिरियल नंबर वॉरंटीच्या कागदांशी जुळतो की नाही, हे पैसे देण्यापूर्वी मला पाहता येणार आहे का, आणि तो जुळला नाही तर जबाबदारी कोण घेणार आहे? अधिकृत विक्रेत्याचे दुकान, ऑनलाइन खरेदी आणि ग्रे मार्केट (कंपनीच्या भारतातील वितरणाबाहेरून येणारा माल) या तीन वाटांची तुलना मी येथे याच प्रश्नावर केली आहे.

नंबर जुळवायच्या जागा चार: लेन्सची बॅरल (बाहेरची नळी), खोक्यावरचे स्टिकर, वॉरंटी कार्ड आणि बिल. यांपैकी बॅरलवरचा नंबर हा मूळ. बाकीचे तीन नुसते कागद आहेत आणि कागदाशी कागद जुळला म्हणजे माल जुळला असे होत नाही. बहुतेक लेन्सवर हा नंबर माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडतात त्या कडेच्या, जवळ बारीक आकड्यांत असतो. मोठ्या टेलिफोटोवर तो कधी ट्रायपॉड कॉलरच्या (ट्रायपॉडला बसवायच्या कड्याच्या) आड जातो. ट्यूबलाइटच्या उजेडात 3 आणि 8 यांची गल्लत सहज होते, म्हणून मोबाइलने जवळून फोटो घेऊन तो मोठा करून पाहावा. सोबत कोणी असल्यास एकाने लेन्सवरचा नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने कार्डावर बोट ठेवत पुढे सरकावे. सिग्माच्या अलीकडच्या लेन्सवर 012 किंवा 014 असा तीन आकडी ठसा दिसतो. तो सिरियल नंबर नव्हे; ते मॉडेल 2012 साली आले की 2014 साली, एवढेच तो सांगतो.

आणखी एक पडताळा फोटोच्या फाइलमध्ये मिळू शकतो. 2010 साली आलेल्या एक्झिफ 2.3 या, फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याची माहिती नोंदवण्याच्या, मानकात लेन्सच्या सिरियल नंबरसाठी स्वतंत्र जागा ठेवलेली आहे आणि एक्झिफटूलसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. मात्र सगळ्याच लेन्स तो नंबर नोंदवत नाहीत. त्यामुळे जागा रिकामी दिसली म्हणून लेन्सवर संशय घेऊ नये.

आता पहिली वाट, म्हणजे डेक्कन, कॅम्प किंवा पेठांतील अधिकृत विक्रेता. येथे किंमत सहसा जास्त असते, पण वर सांगितलेली सगळी तपासणी काउंटरवर, पैसे देण्यापूर्वी करता येते, आणि हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. बिलावर मॉडेलच्या नावासोबत सिरियल नंबर छापून घ्यावा. काही कंपन्यांची वॉरंटी आता छापील कार्डाऐवजी ऑनलाइन नोंदणीवर आणि बिलावर चालते, त्यामुळे नंबर नसलेले बिल पुढे दुबळा पुरावा ठरते. कार्ड असेल तर त्यावर विक्रीची तारीख आणि दुकानाचा शिक्का तेथेच मागून घ्यावा. बिलावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर त्याची सुरुवात 27 ने होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानातही सावध राहण्याची एक जागा आहे, ती म्हणजे शोकेसमधला डेमो पीस. तो घ्यायचा असल्यास आतल्या काचांवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बुरशीची जाळी दिसते का ते पाहावे, कारण पुण्याच्या पावसाळ्यात ती धरते आणि बुरशीला वॉरंटी सहसा लागू होत नाही.

ऑनलाइन खरेदीत किंमत कमी मिळते आणि मॉडेल हमखास सापडते, पण तपासणी पैसे दिल्यानंतर होते. काही वर्षांपूर्वी मी मागवलेल्या 35 मिलिमीटरच्या लेन्सचे खोके, कार्ड आणि बिल या तिन्हींवर एकच नंबर होता. लेन्सवरचा नंबर शेवटच्या दोन आकड्यांनी वेगळा निघाला. कोणीतरी परत केलेली लेन्स दुसऱ्या खोक्यात गेली असावी, असा माझा अंदाज आहे. लेन्स उत्तम चालत होती, आणि म्हणूनच मोह होता की जाऊ द्यावे. पण सर्व्हिस सेंटरच्या दृष्टीने ते कार्ड माझ्या लेन्सचे नव्हतेच. खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण हाताशी असल्याने ती परत घेतली गेली. तेव्हा ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेता कोण आहे, तो कंपनीच्या अधिकृत यादीत आहे का, परत करण्याची मुदत किती आणि पैसे परत मिळतात की केवळ बदली मिळते, हे वाचून घ्यावे. ओपन बॉक्स डिलिव्हरीची (कुरिअरवाल्यासमोर खोके उघडून पाहण्याची) सोय असेल तर ती अवश्य घ्यावी, आणि कंपनीच्या संकेतस्थळावरची नोंदणी त्याच दिवशी करावी, म्हणजे नंबर नाकारला गेल्यास मुदत हातात राहते. साध्या पांढऱ्या खोक्यात येणाऱ्या स्वस्त लेन्स बहुतेक वेळा किट, म्हणजे कॅमेरा बॉडी आणि लेन्सचा एकत्र संच, फोडून विकलेल्या असतात. त्यांचे वॉरंटी कार्ड बॉडीसोबत दुसऱ्याच ग्राहकाकडे गेलेले असू शकते.

ग्रे मार्केटचा माल नकली नसतो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तो दुसऱ्या देशातील विक्रीसाठी बनलेला अस्सल माल असतो, जो कंपनीच्या भारतातील वितरणाबाहेरून येथे पोहोचतो. नंबर चारही ठिकाणी जुळेलही, पण येथील सर्व्हिस सेंटर तो वॉरंटीत धरेलच असे नाही. निकॉनच्या अमेरिकेतील विक्रीसाठीच्या अनेक लेन्सवर नंबराआधी ‘यूएस’ ही अक्षरे असतात. अशी लेन्स पुण्यात ‘इंडिया वॉरंटी’ म्हणून कोणी देऊ लागला तर तेथेच थांबावे. दुसरी खूण खोक्यावर मिळते. 2011 च्या वैधमापन नियमांनुसार आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो; ग्रेच्या खोक्यावर हे स्टिकर बहुधा नसते. ‘शॉप वॉरंटी’ म्हणजे त्या दुकानदाराचा शब्द, कंपनीचा नव्हे. ती लेखी नसेल तर मी तिची किंमत शून्य धरतो.

किमतीतील फरकही नीट मोजावा. लग्नाची किंवा जाहिरातीची कामे करणाऱ्या जीएसटी नोंदणीधारकाला 1,18,000 रुपयांच्या पक्क्या बिलातील 18,000 रुपयांच्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या देय जीएसटीतून तेवढी वजावट, घेता येते. ग्रेची लेन्स बिनबिलाची 1,02,000 रुपयांना मिळाली, तरी अशा व्यावसायिकासाठी ती महागच पडते, शिवाय वॉरंटी नाही ती नाहीच. हौशी छायाचित्रकाराला हे क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत तो फरक खराच उरतो. मॅन्युअल फोकसची, मोटर आणि स्टॅबिलायझर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी यंत्रणा) नसलेली साधी लेन्स असेल तर ती जोखीम मला समजू शकते. स्टॅबिलायझर असलेल्या मोठ्या टेलिफोटोसाठी मी ती घेणार नाही, कारण तिची एकच दुरुस्ती वाचवलेले सगळे पैसे खाऊ शकते.

माझा कल असा आहे: महागड्या लेन्ससाठी काउंटर, लहान प्राइमसाठी (झूम नसलेल्या लेन्ससाठी) अधिकृत विक्रेता तपासून ऑनलाइन. नंबर जुळत नसतानाही विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता परगावचा असला तरी तक्रार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते; त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याचा फोटो त्याच संध्याकाळी काढून ठेवावा, कारण त्यावरची छपाई हळूहळू फिकी होत जाते आणि सिरियल नंबरही तिच्यासोबत पुसला जातो.