रुगर १०/२२ चा चाप : नुसता हॅमर बदलावा की पूर्ण संच?

रुगर १०/२२ ही पॉइंट टू-टू रायफल वापरणाऱ्याला चापाची ओढ जड असल्याचं सांगावं लागत नाही. कारखान्यातून येणारा चाप साधारण ६ पौंडांना सुटतो, तोही वाटेत खरखरत. अमेरिकेत यावर दोन स्वस्त उपाय चालतात. एक, मूळ संचात वोल्क्वार्टसेन कंपनीचा टार्गेट हॅमर, म्हणजे ठोका देणारा घोडा, बसवणं. दोन, रुगरचाच बीएक्स ट्रिगर, म्हणजे अख्खा संच बदलणं. हॅमर साधारण निम्म्या किमतीत येतो. किड कंपनीचा दोन टप्प्यांचा संच दोन्हींहून सरस आहे, पण त्याच्या पैशात दुसरी १०/२२ येईल, म्हणून तो इथे नको.

वजनाकडे पाहिलं तर फरक उरत नाही. दोन्ही अडीच-पावणेतीन पौंडांच्या आसपास सुटतात. सुटतानाचा तुटकपणा हॅमरचा कणभर उजवा वाटतो, कारण त्याची सिअरला (हॅमर अडवून धरणाऱ्या भागाला) अडकणारी खाच जास्त सफाईने घासलेली असते. फक्त कागदाला भोकं पाडायची असतील आणि हात सराईत असेल, तर हॅमर घेणारा चुकला असं म्हणवत नाही.

अडचण सुरू होते ती चाप सुटल्यानंतर. हॅमर बदलला तरी चापाचं पातं (बोट टेकतं तो भाग) आणि त्याचं प्लास्टिकचं घर जुनंच राहतं. सहा पौंडांना सुटणाऱ्या चापात मागची मोकळी धाव लपून जाते, अडीच पौंडांना ती उघडी पडते. बोट अचानक रिकाम्या जागेत जातं आणि पातं मागे धाडकन आपटतं. गोळी अजून नळीतच असते. साध्या वेगाची पॉइंट टू-टू गोळी १८.५ इंची नळीतून बाहेर पडायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश घेते, त्याआधी हॅमर पडायचा वेळ वेगळाच. तेवढ्यात नळीचं तोंड हलतं. बाकावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवली की हे जाणवत नाही, उभ्याने मारताना मात्र गोळ्या एका बाजूला पसरतात आणि दोष दुर्बिणीला दिला जातो.

यावर इलाज आहे. धाव रोखणाऱ्या स्क्रूचं वेगळं पातं मिळतं. चाप सुटेनासा होईपर्यंत स्क्रू आत घ्यायचा, मग सुटेल इतका मागे, त्यावर आणखी अर्धा फेरा आणि स्क्रू ढिला होऊ नये म्हणून निळं लॉकटाइट. अर्धा फेरा वाचवलात तर हॅमर सिअरला घासत पडतो, आणि थोडी काजळी साचली की पडतही नाही. पण पात्याचे पैसे धरले की हॅमरची स्वस्ताई संपते. बीएक्समध्ये ही धाव मुळातच कमी आहे आणि चाप परत जागेवर आल्याचा टक् बोटाला स्पष्ट कळतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

बसवणंही सोपं. रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, नळी नजरेने तपासा. हॅमर चढवून सुरक्षा-खटका मधोमध ठेवा, नाहीतर रायफल दस्त्यातून निघत नाही. बॅरल बँड (नळी दस्त्याला धरणारं कडं) असेल तर सैल करा, दस्त्याचा स्क्रू काढा, नळीकडून उचला. दोन आडव्या पिना ढकलल्या की जुना संच हातात येतो. तो बाहेर असताना चाप ओढू नका, हॅमर घरावर आपटून तडा जातो. नुसता हॅमर बदलायचा तर याच्या पुढे त्याची पीन, दोन बुशिंग (पिनेवरच्या छोट्या नळ्या), स्ट्रट (स्प्रिंगची दांडी) आणि स्प्रिंग सांभाळा. बुशिंग घरंगळतातच, खाली पांढरं फडकं अंथरा.

ओढ हलकी करायला हॅमरच्या स्प्रिंगचे वेढे कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर गोळीला कडेवर सणसणीत ठोका लागतो. तो कमी पडला की दर मॅगझिनला एखादी गोळी मुकी निघते.

काहीही बसवलंत तरी रिकाम्या रायफलीवर चार गोष्टी बघा. चाप दाबून धरा, बोल्ट मागे-पुढे करा, हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे. चाप सोडून पुन्हा ओढला की पडला पाहिजे. सुरक्षा-खटका लावून ओढा, पडता कामा नये. शेवटी हॅमर चढवून दस्ता रबरी चटईवर ठोका. तेव्हा तो पडला, तर ती रायफल मैदानावर न्यायची नाही.