मावशीचा प्रश्न: किंडल घेऊ की लायब्ररीच बरी?

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या मावशीला निवृत्तीनंतर भरपूर वाचायचंय. अडलंय एवढंच, की किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचं की मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायचं.

पैशांचं गणित सरळ आहे. किंडलला आधी काही हजार मोजा, वर पुस्तकं विकत घ्या. लायब्ररीत ते ओझं नाही, रिक्षाभाडं तेवढं धरा.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र किंडलला तोड नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही मावशीला बारीक टाइप त्रास देतो, इथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा पान उलटतानाच वीज खातो, त्यामुळे चार्जिंग आठवड्यांनी. पडलं तर मात्र पडदा फुटतो. पुस्तक पडलं तर उचलायचं, झालं.

निवडीत किंडल मागे. नवी मराठी पुस्तकं मिळतात, जुनी कितीतरी नाहीतच. लायब्ररीचं तसं नाही. बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून इथल्या ग्रंथालयांची घडी बसवली. लायब्ररीतल्या कपाटांत न शोधलेलंही हाती लागतं. शिवाय वाचलेलं पुस्तक शेजारी देता येतं, किंडलमधलं नाही.

रात्री पडून वाचणाऱ्यांनी, डोळे अधू असणाऱ्यांनी किंडल घ्यावं. जुन्या कादंबऱ्या हव्या असतील आणि पाय चालत असतील तर लायब्ररी. मावशीचे गुडघे अजून ठणठणीत आहेत, पण डोळे... तिला मी किंडलच सांगितलं.